कपाटात झिजलेलं नाणं

१

कुलपात ठेवलेलं नाणं झिजतं का हो? हसू नका. मीही हसलो असतो. पण त्या सकाळी दातांच्या डॉक्टरांनी आमच्या दुकानात बसून पाकिटातून नाणं काढलं, डोळ्याला भिंग लावलं आणि ते पुन्हा पुन्हा उलटंपालटं करून पाहिलं. तेव्हापासून हा एकच प्रश्न माझं डोकं कुरतडत होता.

आमचं दुकान म्हणजे एक पुढची खोली आणि एक मागची. पुढे मी, मागे माझा मोठा भाऊ. दादा जुन्या नाण्यांचा दर्जा ठरवतो. नाणं किती जुनं ह्याचं लोकांना फार कौतुक, पण खरी मेख असते ते कसं राहिलंय ह्यात. टांकसाळीतून निघालं तसंच्या तसं असेल तर 'कोरं'. किंचित हात लागलेला असेल तर 'कोऱ्याजवळचं'. मग 'उत्तम', मग 'चांगलं', आणि शेवटी 'चालू', म्हणजे चेहऱ्याला नाक होतं की नव्हतं हेही सांगता येणार नाही असं. दादा दाखल्यावर सही करतो आणि त्या सहीवर लोक डोळे मिटून नाणं घेतात. माझं काम फोटो काढायचे, नाणी पाकिटात घालायची आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं. हे शेवटचं मला फारसं जमत नाही.

हे नाणं चांदीचं. एका बाजूला मुकुट घातलेली राणी, दुसऱ्या बाजूला शिडाचं जहाज. आलं होतं मास्तरांकडून. मास्तर म्हणजे दादाचे गुरू. नाणं बोटांत धरायचं कसं इथपासून सगळं त्याला त्यांनी शिकवलं. आता त्यांचा मुलगा त्यांना आपल्याकडे राहायला नेणार होता, म्हणून आयुष्यभराचा संग्रह मोकळा करायचं चाललं होतं, आणि हे त्यातलं सगळ्यात लाडकं. मास्तर स्वतः घेऊन आले. दादाने त्यांच्या हातातून ते घेतलं ते थेट दिव्याखाली धरलं आणि तिरकं करून फिरवलं. कोऱ्या नाण्यावर उजेडाची एक पट्टी फिरते, मध्ये कुठे न तुटता. झीज असली की तेवढ्या जागी ती विझते. इथे पट्टी अख्खी फिरली. कडेवर एक बारीक टोचा होता तेवढाच, म्हणून दादा म्हणाला, कोऱ्याजवळचं. मास्तरांनी मान हलवली आणि चहासुद्धा न घेता निघून गेले.

आणि आता दोन-तीन आठवड्यांनी, दाखला बघून नाणं विकत घ्यायला आलेले डॉक्टर भिंग खाली ठेवून म्हणत होते, "राणीचा गाल गेलाय. हे फार तर 'उत्तम'. मला दाखला दाखवलात ते नाणं हे नाही."

दादाने नाणं दिव्याखाली धरलं. त्याचा चेहरा पडला, तेव्हा डॉक्टरांचं खरं आहे हे मला कळलं. मी तेव्हाचे फोटो काढून समोर ठेवले. दोघांनी मिळून तपासले. कडेवरचा बारीक टोचा जिथल्या तिथे होता. साच्याला भेग गेली की नाण्यावर केसाएवढी उंच रेघ उमटते. तीही सालाच्या आकड्यापासून कडेपर्यंत तश्शीच होती. असं दोन नाण्यांत जुळत नाही. बदलाबदल झालेली नव्हती. नाणं तेच होतं.

२

नाणं तेच, कुलूप तेच, आणि राणीचा गाल तेवढा गायब. डॉक्टर मऊ आवाजात बोलणारे. दात उपटतानाही असेच बोलत असणार. कपाटाच्या किल्ल्या कोणाकडे असतात, एवढंच त्यांनी विचारलं. दादाने सांगितलं, एक माझ्याकडे, एक धाकट्याकडे. मग दोघेही माझ्याकडे बघायला लागले.

आता इथे एक सांगायला हवं. मास्तर गेल्यावर मी फोटो काढायला घेतले तेव्हा राणीच्या गालावर कापडाचा एक तंतू येऊन बसला होता. फुंकणीने हवा मारली, पुन्हा मारली, मारतच राहिलो. ढिम्म हलेना. नाण्याच्या तोंडाला बोट लावायचं नाही हा आमच्याकडचा पहिला नियम, म्हणून चडफडत तसाच फोटो काढला आणि दादाला म्हणालो की सवडीने परत काढतो. ती सवड कधी झालीच नाही. आळस, दुसरं काय. पण दादाच्या ते बरोबर लक्षात राहिलं होतं.

"तू परत फोटो काढायला गेलास," तो म्हणाला. "तंतू निघेना म्हणून शर्टाच्या टोकाने पुसलास."

मी म्हणालो, मी ते पाकीट उघडलंसुद्धा नाही. तो म्हणाला, मग कोणी उघडलं? डॉक्टर उठले. जाता जाता म्हणाले की संग्राहकांच्या बैठकीत विचारून बघतो, आमच्याकडून आणखी कोणाला असा अनुभव आलाय का. म्हणजे काय ते कळतंय ना? ह्या धंद्यात माणसाच्या हाताचं नाव एकदा खराब झालं की खेळ खलास. पुन्हा कोणी माझ्यासमोर पाकिटातून नाणं काढणार नाही. चाळिशी गाठलेला माणूस मी, आणि दुसरं काही येत नाही मला.

डॉक्टर गेल्यावर दादाने हात पुढे केला. तो काय मागतोय ते मला आधी समजेचना. मग समजलं. मी किल्ली काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

"हे मिटेपर्यंत दुकानात येऊ नकोस," तो म्हणाला. हे मिटणार कसं, ते मात्र त्याने सांगितलं नाही.

३

वहिनीने आत्याला बोलावून घेतलं. आत्याने उभा जन्म विमा कंपनीत काढला, दाव्यांच्या चौकश्या करण्यात. जळालेली गोदामं, बुडालेल्या गाड्या, नेमके सुट्टीच्या दिवशी चोरीला गेलेले दागिने. ती अजूनही कोणाच्या घरी गेली की आधी खिडकीच्या कड्या बघते, मग ख्यालीखुशाली विचारते. मला ती धाकल्या म्हणते आणि अजून दहा वर्षांचा समजते. दादाने तिला सांगितलं की ह्यात चौकशीसारखं काही नाही. ती म्हणाली, नसेल तर मी चहा पिऊन जाईन.

सुरुवात तिने वहिनीपासून केली. दुकानातली झाडलोट वहिनी बघते, ओल धरू नये म्हणून कपाटात पुड्या ठेवते ती तीच. आणि घरातले चांदीचे पेले ती पावडर लावून असे घासते की त्यात तोंड दिसावं. हे मला एकदम आठवलं आणि माझ्या मनात नको ते आलं. घटकाभर मी वहिनीकडे चोर बघावा तसा बघत होतो. नंतर माझी मलाच लाज वाटली. कारण तिने आत्याला साधं उत्तर दिलं: घासलं असतं तर चकचकीत झालं असतं, हे तर मंद झालंय. पुड्या बदलताना तिने पाकीट उचलून बाजूला ठेवलं होतं, उघडलं नव्हतं.

मग आत्या दाढ दुखते असं सांगून डॉक्टरांकडे गेली. दोन तासांनी आली ती गाल धरूनच. दाढ खरंच किडलेली निघाली होती. पण डॉक्टर कुठलीही वस्तू कडेने धरतात, हे तिने तिथे बघितलं होतं. शिवाय त्यांनी नाणं पाकिटातून काढलं तेव्हा दादा समोरच बसलेला होता. त्याच्या नजरेखाली राणीच्या गालावर अंगठा फिरवणं कोणाच्या बापाला जमलं नसतं. डॉक्टर सुटले. उरलो मी.

"पुसलंस का रे धाकल्या?" तिने विचारलं.

मी नाही म्हणालो. ती म्हणाली, बरं, मग पुढचं सांग. एवढंच. ना शपथ घातली, ना डोळे रोखले. सख्ख्या भावाने हे एवढंसं विचारलं नव्हतं.

तिला आमची कामाची सगळी रीत ऐकायची होती. मी सांगितली. आलेलं नाणं आधी काचेच्या वाटीत ॲसिटोनने न्हाऊ घालायचं. त्याने धातूला काही होत नाही, वरचा तेलकटपणा आणि मळ तेवढा निघतो. मग वाळवायचं, मग दादाच्या दिव्याखाली, मग फोटो, मग नव्या कोऱ्या कागदी पाकिटात, आणि पाकीट कपाटात. तिने ते दोनदा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा सांगताना मला स्वतःचाच भरवसा वाटेना. मी खरंच पाकीट उघडलं नव्हतं ना? मी झोपेत उठून दुकानात जातो की काय? मी असला काही विचार करेन असं मला कोणी महिन्यापूर्वी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

शेवटी ती मला घेऊन दुकानात गेली. दादा माझ्याकडे बघायचं टाळत होता. आत्याने त्याला भिंग घ्यायला लावलं आणि विचारलं, कापडाने पुसलं तर नाण्यावर काय दिसतं?

दादा म्हणाला, बारीक ओरखडे, सगळे एका दिशेने.

"मग बघ. दिसतायत का?"

त्याने पाहिलं. नाणं उलटं करून पाहिलं. जहाजाच्या शिडाचा फुगवटाही गेलेला होता, आणि तंतू तर फक्त गालावर होता. ओरखडा एकही नव्हता. त्याचा आवाज जरा खाली आला. ही झीज बोटांची आहे, तो म्हणाला, मऊ, गुळगुळीत, वर्षानुवर्षं हात फिरला की होते तशी.

"आणि नाणं तुझ्याकडे होतं दोन-तीन आठवडे," आत्या म्हणाली. "मग ही वर्षं आणली कुठून?"

४

मी काही केलं असं म्हणावं तर वेळ पुरत नव्हता. कोणी काही केलं नाही असं म्हणावं तर गाल समोर झिजलेला दिसत होता. दादाने फोटो पुन्हा बघितले. फोटोत उजेड गालावरून अख्खा जात होता, म्हणजे त्याची नजरही चुकलेली नव्हती. मी बघितले. वहिनीने बघितले. डोकं पार भंजाळून गेलं. आम्ही तिघं एकमेकांना तेच तेच सांगत होतो आणि आत्या खुर्चीत बसून दुखरी दाढ जिभेने चाचपत होती.

मग ती म्हणाली की आपण उगाच झीज कुठून आली ते शोधतोय. एका गोदामाचा दावा तिच्याकडे आला होता म्हणे. आगीने भिंतींचा रंग गेला आणि आतून भेगा निघाल्या. मालक म्हणत होता, भेगा आगीने पडल्या. भेगा जुन्याच होत्या. आगीने फक्त रंग गेला होता.

"झीज नंतर आली नाही," ती म्हणाली. "ती आधीपासून होती. तिच्यावरचं काहीतरी निघून गेलंय. आता सांगा, कपाटात ह्या नाण्याला काय काय लागत होतं?"

काहीच नाही, मी म्हणालो. हवासुद्धा नाही. मग माझंच मला कळलं. कागद लागत होता. पाकिटाचा कागद.

पाकीट दादाच्या खणात होतं, डॉक्टरांनी टेबलावर टाकलेलं. आत्याने कात्रीने त्याच्या तिन्ही बाजू कापल्या, कागद उलगडला आणि खिडकीच्या काचेवर धरला. बाहेर चांगलं ऊन होतं. कागदावर दोन डाग उजेडात उठून दिसले, तळणाच्या कागदावर दिसतात तसे पारदर्शक. एक होता राणीच्या गालाएवढा. दुसरा शिडाएवढा.

५

"तेल," आत्या म्हणाली.

ती सांगत गेली आणि मी मूर्खासारखा मान डोलवत गेलो. झिजल्या जागेवर तेलाचा अगदी पातळ हात दिला की ती जागा उजेडात कोऱ्यासारखी तकाकते. दादाचे डोळे फसले, माझा कॅमेराही फसला. नाणं पाकिटात गेलं. नाण्याचा जो भाग सगळ्यात उंच, तोच कागदाला टेकतो. आणि जो सगळ्यात उंच, तोच आधी झिजलेला असतो. कागदाने नेमकं तिथलंच तेल हळूहळू पिऊन टाकलं, आणि खालचा खरा गाल उघडा पडला. कपाटात काही घडलंच नव्हतं.

दादाने विचारलं, तेल मागाहून कोणी लावलं नसेल कशावरून? त्याने पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही, पण अर्थ तोच होता. आत्याने फोटोवर बोट ठेवलं. तंतू. कोरड्या धातूवर बसलेला तंतू एका फुंकरीत उडायला हवा. हा चिकटलेला होता. म्हणजे फोटो काढायच्या आधीच तेल होतं, आणि त्याच्याही आधी नाणं दादाने दिव्याखाली धरलं तेव्हाही ते होतंच, नाहीतर त्याला झीज तेव्हाच दिसली असती.

"पण आंघोळीत तेल निघायला हवं होतं," ती म्हणाली. "ह्याला आंघोळ घातली होतीस का?"

दादाने काचेच्या वाटीकडे पाहिलं. मीच आठवत होतो. मास्तरांचा हात, दादाचा हात, दिवा. मध्ये वाटी नव्हती. मी तिथेच उभा होतो आणि माझ्याही ते मनात आलं नव्हतं. मास्तरांनी आणलेलं नाणं धुवायचं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवायचा, असं आमच्यापैकी कोणी कधी बोललं नव्हतं. पण मास्तरांच्या घरून आलेलं काहीही आम्ही कधी धुतलं नव्हतं.

"मास्तर असं करणार नाहीत," दादा म्हणाला.

"मी कुठे मास्तरांचं नाव घेतलं?" आत्या म्हणाली. "तूच घेतलंस."

दादाने भिंग खाली ठेवलं. नाकाच्या कडेचं तेल बोटावर घ्यायचं आणि झिजेवर फिरवायचं, ही लबाडांची जुनी युक्ती. ती ओळखता यावी म्हणूनच आधी आंघोळ, हे त्याला शिकवणारे मास्तरच होते. मला खरं तर त्याची दया यायला हवी होती. नाही आली.

"त्यांचं नाणं तू न धुता घेतलंस," मी म्हणालो. "आणि मला न विचारता घालवलंस."

त्याने नाणं मुठीत घेतलं. आत्या पर्स उचलून उभी राहिली आणि म्हणाली, चला, उरलेलं ज्याचं त्याला विचारू.

६

मास्तरांच्या घरात अर्धे खोके बांधून झालेले होते. दार त्यांनीच उघडलं. आम्हा तिघांकडे त्यांनी आळीपाळीने पाहिलं, मग दादाच्या मुठीकडे.

"उतरलं ना?" ते म्हणाले.

आम्ही काही विचारायच्या आधीच ते सांगायला लागले. बायको गेल्यावर संध्याकाळ खायला उठायची. हात कापायला लागले होते. एकदा सहज हे नाणं मुठीत धरून बसले, तर हात थांबला. मग रोजच धरायला लागले, अंगठा राणीच्या गालावर, बोट शिडावर. नाण्याला बोट लावलं म्हणून शिकाऊ पोरांच्या हातावर पट्टी मारणारा माणूस, आणि स्वतः काय करतोय ते त्यांच्या ध्यानातच आलं नाही. ध्यानात आलं तेव्हा गाल गेलेला होता.

"सगळ्या जगाला सांगत आलो, ह्याच्यासारखं दुसरं नाही," ते दादाला म्हणाले. "आणि तू म्हणणार 'उत्तम'. तुझ्या तोंडून ते ऐकायची माझी छाती झाली नाही."

तरी त्यांना वाटलं होतं, दादा रीतीप्रमाणे नाणं न्हाऊ घालेल, तेल निघेल, तो हळूच बाजूला घेऊन रागावेल आणि दोघांत मिटून जाईल. तो थेट दिव्याकडे गेला तेव्हा त्यांना तोंड उघडवेना. म्हणून ते चहाला थांबले नव्हते. सांगताना त्यांचे दोन्ही हात मांडीवर थरथरत होते. मला त्यांचा राग येत होता आणि रडूही येत होतं, आणि दोन्हीतलं खरं कुठलं ते माझं मलाच कळत नव्हतं.

मग त्यांनी विचारलं की हे बालंट कोणावर आलं. आत्याने माझ्याकडे मान केली. मास्तर खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागले, माझ्याकडे यायला. दादाने त्यांना धरून पुन्हा बसवलं.

"तुम्ही नाही, मास्तर," तो म्हणाला, आणि माझ्याकडे वळला. "चुकलं माझं. तू तसला नाहीस हे मला माहीत होतं. तरी तुझ्यावर टाकलं, कारण ह्यांच्यावर टाकायची हिंमत नव्हती."

दादा मला कधी असं बोललेला नव्हता. वाटेत मी त्याला सुनवायला कितीतरी वाक्यं जमवली होती. त्यातलं एकही जागेवर सापडेना. मी फक्त म्हणालो, बरं.

मास्तरांनी फोन मागितला. दादा म्हणाला, डॉक्टरांना मी सांगतो, आंघोळ न घालता दर्जा दिला, चूक माझी, तुमचं नाव निघायचं कारण नाही. मास्तरांनी ऐकलं नाही. नंबर लावून द्यायला लावला आणि दोन्ही हातांनी फोन कानाशी धरला.

"डॉक्टर, धाकट्याने काही केलेलं नाही. गाल मी झिजवला, तेलही मीच लावलं. बैठकीत विचारायचं असेल तर माझं नाव घेऊन विचारा. आणि त्या पोराला एकदा भेटून काय ते बोला."

पलीकडून डॉक्टर बराच वेळ काही सांगत होते. मास्तर हूं हूं करत होते. मग बहुतेक डॉक्टरांनी विचारलं, की 'उत्तम' तर 'उत्तम', नाणं देणार का. मास्तरांनी दादासमोर हात पसरला. दादाने नाणं त्यावर ठेवलं. मास्तरांनी ते मिटल्या मुठीत घेतलं, अंगठा आपसूक राणीच्या गालावर गेला, आणि तो हात कापायचा थांबला.

"नाही डॉक्टर," ते म्हणाले. "आता विकत नाही. अजून थोडं झिजवायचं राहिलंय."